घरटी एक नोकरी की सामाईक विहीर: पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका तेलाच्या पाइपलाइनचं प्रकरण

गावाचं नाव, माणसांची नावं, कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशीलही बदललेत. यातल्या काही निर्णयांत माझा स्वतःचा हात होता, त्यामुळे मी लांबून बघणारी नाही हे आधीच सांगून टाकते.

पार्श्वभूमी

माझं आजोळ सोलापूर रोडला, हडपसरहून तास-सव्वा तासावर. मुठा उजव्या कालव्याचं पाणी खालच्या शिवाराला मिळतं म्हणून तिकडे ऊस, आणि वरच्या वस्तीला सगळं विहिरीवर. वस्तीवर १४ खातेदारांची एक सामाईक विहीर आहे, ठरलेल्या पाळीनं मोटर चालते आणि बावीस घरं पिण्याचं पाणीही तिथूनच भरतात. वस्तीच्या बाजूने ओढा जातो तो खाली पाझर तलावाला मिळतो. हा भूगोल लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

गावात साधारण ३१० घरं. पोरं आयटीआय नाहीतर डिप्लोमा केलेली, कुरकुंभ नाहीतर रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागतात, काही महिने झाले की ब्रेक मिळतो, परत दुसरा ठेकेदार, परत तेच. तिशी आली तरी पर्मनंट नाही म्हणून लग्न जमत नाही अशी दहा-बारा पोरं मी नावानिशी ओळखते. दुसरी एक गोष्ट बाहेरच्यांना माहिती नसते, ती म्हणजे लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे डेपो असल्यामुळे या पट्ट्यात टँकरवर पोट असलेली बरीच घरं आहेत, ड्रायव्हर, क्लीनर, टायरवाले. आमच्या गावात तेव्हा सहा टँकर ड्रायव्हर होते.

आणि मी. मी नऊ वर्षं पाइपलाइनचं काम घेणाऱ्या एका फर्मच्या पुण्यातल्या ऑफिसात क्वालिटीला होते. वेल्डिंगच्या जोडांच्या एक्स-रे फिल्म बघायच्या, रिपोर्ट लिहायचे, जोड पास की रिपेअर ते सांगायचं. म्हणजे माझं घर पाइपलाइनवरच चाललं आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे, आजही आहे. नीट टाकलेली, नीट सांभाळलेली लाइन ही रस्त्यावर धावणाऱ्या शेकडो टँकरपेक्षा सुरक्षित असते असं माझं मत तेव्हाही होतं आणि आताही आहे. पण "नीट सांभाळलेली" हे दोन शब्द फार मोठे आहेत.

प्रश्न कसा उभा राहिला

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मोजणीवाले आले, बांधांवर लाल झेंड्या लागल्या. पेट्रोल-डिझेलची लाइन गावच्या शिवारातून जवळपास तीन किलोमीटर जाणार होती आणि २६ खातेदारांच्या जमिनी तिच्यात येत होत्या. पहिल्याच आठवड्यात ठेकेदाराचा एक माणूस मारुतीच्या देवळात बैठक घेऊन गेला आणि बोलून गेला की "घरटी एक नोकरी देऊ, फक्त काम अडवू नका." लेखी काही नाही. पण तो शब्द गावात असा पसरला की दुसऱ्या दिवशी पोरांनी बायोडाटे झेरॉक्स करून आणले.

विरोधाची बाजूही तेवढीच तापलेली. पुणे जिल्ह्यात पाइपलाइन म्हटलं की माणसांना मावळ आठवतं. ९ ऑगस्ट २०११ ला पवना बंद जलवाहिनीच्या विरोधात बऊरजवळ एक्सप्रेसवेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. ती पाण्याची लाइन होती, तेलाची नव्हे, विषयही वेगळा, पण "पाइप आला की जमीन जाते आणि बोललं की गोळी मिळते" एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलंय. त्यात भर म्हणजे फेब्रुवारी २०२१ मध्ये फलटण तालुक्यातल्या सासवडला चोरांनी पेट्रोलची लाइन फोडायचा प्रयत्न केला आणि पेट्रोल जमिनीत मुरून विहिरींत उतरलं, त्या बातमीचे व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरायला लागले.

म्हणजे एकीकडे "पोरांना काम पाहिजे", दुसरीकडे "विहीर वाचवा". मामाने मला फोन केला तेव्हा दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते, थोरल्याचा हिस्सा त्या विहिरीत आणि धाकट्याची दोन पोरं बेकार.

मी नकाशा मागवून बघितला. लाइन विहिरीपासून ३५ मीटरवरून जात होती, आणि ती चढाच्या बाजूने. मला त्या दिवशी खरंच धस्स झालं. पेट्रोल जमिनीत गळलं तर ते उताराने, मातीतून आणि मुरमाच्या भेगांतून खाली सरकतं, त्यातलं बेंझीन नावाचं विषारी रसायन पाण्यात मिसळतं. चढावर लाइन आणि उतारावर विहीर म्हणजे गळती झालीच तर ती थेट विहिरीच्या वाटेवर. ३५ मीटर आणि चढ हे दोन्ही एकत्र नको होतं.

कायदा काय म्हणतो, आणि आम्ही कुठे झोपलो

इथे जरा थांबून सांगते कारण या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक इथे झाली.

तेलाच्या लाइनसाठी भूसंपादन होत नाही. १९६२ चा एक केंद्रीय कायदा आहे, पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनसाठी जमिनीच्या वापराचा हक्क घेण्याचा. जमीन तुमच्याच नावावर राहते, सात-बाऱ्यावर इतर हक्कात नोंद येते, आणि त्या पट्ट्यात तुम्ही घर बांधू शकत नाही, विहीर किंवा तळं खोदू शकत नाही, झाड लावू शकत नाही. पीक घेता येतं. मोबदला म्हणजे पिकाची-झाडांची नुकसानभरपाई, आणि वापराच्या हक्कापोटी त्या जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. आमच्याकडे पट्टा १८ मीटरचा होता. १८ मीटरचा पट्टा शंभर मीटर लांब गेला की जवळपास १८ गुंठे होतात. पुण्याच्या इतक्या जवळ, जिथे प्लॉटिंगवाले गुंठ्याला काय भाव देतात ते सगळ्यांना माहितीये, तिथे १८ गुंठ्यांवर कायमचं घर बांधता येणार नाही याचा अर्थ लोकांना न सांगता कळतो.

अधिसूचना निघाल्यावर हरकत घ्यायला २१ दिवस असतात. हरकत लेखी पाहिजे, आणि सक्षम प्राधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, ती ऐकून घ्यावीच लागते. गाव मात्र वेगळ्याच गोष्टीची वाट बघत बसलं होतं, जनसुनावणीची. सरपंचांना वाटत होतं की पर्यावरणाची सुनावणी लागेल, कलेक्टर साहेब येतील, तिथे सगळं बोलू. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे तेल-वायूच्या लाइनला ही मंजुरी लागते ती अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा तशाच संवेदनशील भागातून जात असेल तर. साध्या शेतजमिनीतून जाताना नाही. म्हणजे जनसुनावणी होणारच नव्हती, आणि जी एकच खिडकी होती ती बंद होत चालली होती.

मी गावात पोचले तेव्हा २१ पैकी ९ दिवस गेलेले. पुढचे पाच दिवस आम्ही नोकऱ्यांवर भांडण्यात घालवले. सात राहिले.

कोणकोणते रस्ते होते

देवळातल्या दुसऱ्या बैठकीत तीन मतं होती. पहिलं, पूर्ण विरोध, एक पाइप गावात उतरू द्यायचा नाही. यात भावना खरी होती, मला पटतही होती, पण हक्काची घोषणा एकदा झाली की काम पोलीस बंदोबस्तात होतं आणि तेव्हा गावाच्या हातात मागण्यासारखं काहीच राहत नाही. दुसरं, भाव वाढवून घ्या आणि होऊ द्या, नोकऱ्या पदरात पाडा. बहुतेक तरुण पोरं आणि ज्यांची जमीन जात नव्हती ती घरं इकडे. तिसरं मामाचं, लाइन विहिरीपासून हलवून घ्या आणि बाकीचं अटींवर द्या. कोर्टात जायचं चौथंही कुणीतरी काढलं, पण वकिलाची फी ऐकल्यावर तो विषय तिथेच संपला.

त्या बैठकीत सरपंचांच्या पुतण्याने अमेरिकेतल्या कीस्टोन एक्सएल लाइनचं प्रकरण काढलं. पोरगा इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजात त्यावर प्रोजेक्ट केलेला. कॅनडातल्या अल्बर्टाहून नेब्रास्कापर्यंत कच्चं तेल आणायची लाइन, तिच्यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं हाच वाद चालला, नोकऱ्या की पाणी. ओबामांनी २०१५ ला नाकारली, ट्रम्पनी २०१७ ला परत उठवली, बायडननी २० जानेवारी २०२१ ला, पहिल्याच दिवशी, परवाना रद्द केला. तो म्हणाला, "तिथल्या सरकारचाच २०१४ चा अहवाल आहे, बांधकामाच्या काळात सगळ्या मिळून ४२,१०० नोकऱ्यांना आधार, आणि लाइन चालू झाल्यावर कायमच्या फक्त ५० च्या आसपास."

देवळात एकदम शांत झालं. एवढ्या मोठ्या लाइनला पन्नास. मग त्या बोलेनाशा झालेल्या दोन भावांतल्या धाकट्याचा पोरगा, जो सगळ्यात मोठ्याने नोकरीसाठी बोलत होता, तोच म्हणाला, "मग आपल्या तीन किलोमीटरला किती?"

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला पहिला कामाचा प्रश्न हा होता, आणि तो विरोधकांनी विचारला नाही, नोकरी मागणाऱ्या पोराने विचारला.

नोकऱ्या मोजल्या

दुसऱ्या दिवशी मी, सरपंच आणि तो पोरगा साइट ऑफिसला गेलो. तिथला इंजिनिअर सरळ माणूस होता, त्याने लपवलं नाही. लाइनचं काम म्हणजे चालती पलटण असते. पुढे पट्टा साफ करणारे, मागे पाइप मांडणारे, मग वेल्डर, एक्स-रेवाले, जोडाला कोटिंग करणारे, मग खोदाई, पाइप खाली सोडणं, माती टाकणं, शेवटी पाण्याचा दाब देऊन चाचणी. वेल्डरची टेस्ट असते, ती पास झालेली माणसं देशभर फिरत असतात, ती गावात तयार होत नाहीत. आपल्या शिवारातून ही पलटण दीड-दोन महिन्यांत निघून जाते. आजूबाजूची गावं धरली तर चार-पाच महिने.

आकडा निघाला तो असा: हेल्पर २४, रात्रीचे वॉचमन ६, चार ट्रॅक्टर आणि दोन पाण्याचे टँकर भाड्याने, साधारण पाच महिने. त्यानंतर कायमचे म्हणावे तर व्हॉल्व्ह स्टेशनवर दोन सिक्युरिटी गार्ड आणि एक लाइनवॉकर, म्हणजे लाइनवरून पायी फिरून नजर ठेवणारा माणूस, तिघेही एजन्सीमार्फत. ३१० घरांत तीन.

आणि सहा टँकर ड्रायव्हरांचं काय हा प्रश्न कुणाच्या कागदावर नव्हताच. लाइन आली की सोलापूर बाजूच्या फेऱ्या कमी होणार हे त्यांना आधीच कळलेलं, पण ते बैठकीला येत नव्हते कारण बैठका संध्याकाळी आणि ते तेव्हा गाडीवर.

हे आकडे आम्ही ठेकेदाराच्या लेटरहेडवर लिहून घेतले, किमान वेतन आणि पीएफच्या उल्लेखासकट. देवळात वाचून दाखवले तेव्हा पोरं चिडली, थोडी माझ्यावरही चिडली. एक जण म्हणाला, "ताई, तुम्ही हडपसरला फ्लॅटमध्ये राहता, आमाला पाच महिनं पण चालतंय." त्याचं बरोबर होतं. ज्याच्या हाताला काम नाही त्याला पाच महिने थोडे म्हणायचा मला अधिकार नाही. मी एवढंच म्हटलं की पाच महिने घ्याच, पण पाच महिन्यांसाठी विहिरीवर बोलायचं सोडू नका, ही दोन भांडणं वेगळी ठेवा.

धोका कसा मांडला

राहिलेल्या सात दिवसांत हरकती लिहायच्या होत्या. "आमचा विरोध आहे" असं लिहून फक्त नोंद होते, त्यामुळे प्रत्येक गटनंबरची वेगळी हरकत, विहिरीचं अंतर टेपने मोजून, उताराचा साधा नकाशा, फोटो, पाण्यावर अवलंबून असलेल्या घरांची यादी, ग्रामसभेचा ठराव जोडून. मामाच्या ओट्यावर रात्री दोनपर्यंत बसायचो. २६ पैकी १९ हरकती मुदतीत गेल्या, ७ उशिरा. उशिराच्या सातमध्ये एकाची आंब्याची बाग होती, तो आजही मला भेटला की त्यावर बोलतो आणि मला उत्तर सुचत नाही.

धोका सांगताना मी दोन उदाहरणं दिली. एक आंध्रातलं नगरम, २७ जून २०१४, गॅसची लाइन फुटली आणि वीसहून जास्त माणसं गेली. दुसरं अमेरिकेतलं मिशिगन, जुलै २०१०. तिथे कच्च्या तेलाची लाइन फुटली, कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत होते, पण लाइन फुटलीये हे त्यांना पटलं नाही, पंप परत चालू केले गेले, आणि लाइन शेवटी बंद व्हायला १७ तास लागले. तोवर ३२ लाख लिटरच्या आसपास तेल बाहेर, ते ओढ्यातून कालामाझू नदीत. हे उदाहरण मी घाबरवायला दिलं नाही. पाइप फुटतोच असं नाही, पण फुटला तर ते कळायला आणि व्हॉल्व्ह बंद व्हायला किती वेळ लागतो यावर सगळं ठरतं, आणि आपल्या ओढ्याला समजा तेल लागलं तर पाझर तलावापर्यंत पोचायला पावसाळ्यात अर्धा तासही पुरे.

त्यामुळे मागण्या अशा होत्या: लाइन विहिरीच्या चढावरून काढून खाली चारीच्या कडेने न्या. ओढ्याखालून जाताना उघडं खोदकाम नको, खालून ड्रिल करून न्या आणि तिथे पाइप जाड वापरा. कायद्यात कमीत कमी एक मीटर खोली आहे, आमच्याकडे ट्रॅक्टरचा खोल नांगर आणि पोकलेन चालतो तेव्हा जास्त द्या. वरची काळी माती वेगळी काढून परत वरच टाका. लाइन भरायच्या आधी पाच विहिरींचं पाणी तपासून रिपोर्ट ग्रामपंचायतीला द्या आणि दरवर्षी परत तपासा. ही शेवटची मागणी सगळ्यात साधी वाटते, पण आधीचा रिपोर्ट नसेल तर उद्या पाण्यात काही निघालं तरी "ते आधीपासूनच असेल" असं म्हणायला समोरचा मोकळा.

हरकतींवर सुनावणी झाली, सक्षम प्राधिकारी साहेब स्वतः जागेवर आले, विहिरीच्या काठावर उभं राहून त्यांनी उतार बघितला. मला वाटतं तिथेच निर्णय झाला. लाइन साधारण ६० मीटर खाली सरकली. माती, ड्रिलिंग आणि पाण्याच्या चाचण्याही मान्य झाल्या, जास्तीची खोली फक्त ओढ्याच्या दोन्ही अंगाला. गावात पेढे वाटले.

ज्यांना कुणी विचारलं नाही

लाइन ६० मीटर सरकली म्हणजे ती कुणाच्या तरी शेतात गेली. हे वाक्य आता लिहिताना इतकं साधं वाटतं, पण तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

चारीच्या कडेला एका काकूंचं २८ गुंठ्यांचं रान आहे. नवरा वारलेला, त्या भोसरीला मुलाकडे राहतात, रान दीर अर्धेलीने करतो. नव्या आखणीत त्यांच्या रानातून ७० मीटर लाइन गेली, म्हणजे साडेबारा गुंठे पट्ट्यात. आणि बरोबर त्याच जागी, रस्त्याच्या कडेला, मुलाला घर बांधायचं होतं. नव्या गटनंबरांची नवी अधिसूचना निघाली, त्यांनाही २१ दिवस होते, पण कागद दिराकडे आला आणि त्याने तो दिवाणखान्यातल्या कॅलेंडरमागे खोचून ठेवला. काकूंना कळलं ते मुदत संपल्यावर. गावाच्या ग्रुपवर त्या नव्हत्या. देवळातल्या चारही बैठकांत बायका कुणी नव्हत्या, मी सोडून, आणि मी एकटी आहे हे माझ्याही लक्षात आलं नाही.

मी भोसरीला जाऊन भेटले. त्यांनी चहा केला, ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "विहीर समद्यांची हाय, वाचवली ते चांगलंच केलं. पण माझी जागा कुणाची व्हती गं?"

यावर काय करायचं यात पुढचे दोन महिने गेले. जागेची अदलाबदल करावी असं मामाने सुचवलं, पण एवढ्याशा तुकड्याला तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे करू न देणारा कायदा, आडवी आली. शेवटी सामाईक विहिरीच्या १४ खातेदारांनी मिळून काकूंना विहिरीत पाण्याची एक पाळी दिली, स्टॅम्प पेपरवर लिहून, पाइप टाकायचा खर्चही वर्गणीने. त्यांचं जिराईत रान त्यामुळे भिजायला लागलं. घर मात्र नाही झालं. उरलेल्या रानात बांधायचं तर दिराच्या हिश्श्यातून वाट पाहिजे, तो विषय अजून तसाच आहे.

पुढे काय झालं

काम झालं, साधारण ठरलेल्या वेळेत. नोकऱ्या लेटरहेडवर होत्या त्याच्या जवळपास मिळाल्या, हेल्पर २४ ऐवजी २१. पीएफ सगळ्यांचा भरला गेला, आणि मला वाटतं तो आकडा लेखी असल्यामुळेच भरला गेला. दोन पोरांना वेल्डिंगच्या तपासणीच्या कोर्सला आम्ही पाठवलं, त्यातला एक, तोच "तीन किलोमीटरला किती" विचारणारा, आता गुजरातेत एका पाइपिंगच्या कामावर आहे. बाकीची बहुतेक परत एमआयडीसीत.

मातीचं मात्र जमलं नाही. करारात असूनही बऱ्याच ठिकाणी मुरूम आणि काळी माती एक झाली, पहिल्या पावसाळ्यात पट्टा खचला, आणि दुसऱ्या वर्षीही उसाच्या रानात ती पट्टी लांबून पिवळी दिसायची. भरपाई एका हंगामाची मिळाली, नुकसान तीन हंगामांचं झालं.

सहा टँकर ड्रायव्हरांपैकी तिघांच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. त्यातले एक दादा, पंचेचाळिशीचे, लाइनवॉकर म्हणून लागले, टँकरवर मिळायचं त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी पगारात. रोज सात-आठ किलोमीटर लाइनवरून चालायचं, कुठे कुणी खोदतंय का, मार्करचा खांब पडलाय का, वास येतोय का ते बघायचं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका पहाटे त्यांना ओढ्याच्या अलीकडे बाभळीच्या फांद्या नको तिथे पडलेल्या दिसल्या. फांद्या बाजूला केल्या तर खाली ताजा खड्डा, पाइपच्या कोटिंगपर्यंत उकरलेला. चोरांनी भोक पाडायची तयारी करून ठेवलेली. दादांनी फोन केला, तासाभरात माणसं आली, पोलिसात तक्रार झाली. एक रात्र उलटली असती तर ओढा, तलाव, आणि फलटणला झालं तेच आमच्याकडे.

मी मिशिगनचे १७ तास सांगत होते, कंट्रोल रूम आणि व्हॉल्व्ह सांगत होते, आणि शेवटी लाइन वाचली ती पहाटे पायी फिरणाऱ्या माणसामुळे. त्या माणसाच्या पगाराबद्दल आमच्या मागण्यांत एक ओळही नव्हती. स्थानिक माणूस घ्या एवढंच लिहिलेलं. आजही त्यांना एजन्सीकडून दर ११ महिन्यांनी नवं पत्र मिळतं, पावसाळ्याचे बूट ते स्वतः घेतात. हे मला फार लागतं.

परत वेळ आली तर

पहिलं म्हणजे तारखा. लाल झेंडी दिसली त्या दिवशी तलाठी भाऊसाहेबांकडे जाऊन अधिसूचना निघाली का ते विचारायचं आणि २१ दिवस देवळाच्या भिंतीवर लिहायचे. नोकऱ्यांचं भांडण नंतरही करता येतं, हरकतीचं येत नाही. आमचे ते पाच दिवस वाचले असते तर आंब्याची बाग वाचवायचा निदान प्रयत्न झाला असता.

दुसरं, लाइन हलवा म्हणायच्या आधी ती कुठे जाईल ते स्वतः चालून बघायचं आणि त्या रानाच्या मालकाला, तो गावात असो की भोसरीत, बैठकीला आणून बसवायचं. लाइन वस्तीच्या चढावर राहू देणं मला आजही चूक वाटतं, म्हणजे निर्णय बहुतेक तोच झाला असता. पण काकूंचं घर १५ मीटर अलीकडे-पलीकडे करून बसवता आलं असतं का, हे बघायची वेळ तेव्हा होती.

तिसऱ्या गोष्टीबद्दल माझं आणि मामाचं जमत नाही. मला वाटतं हेल्परच्या २४ जागांवर आम्ही जेवढा जोर लावला तेवढा त्या तीन कायमच्या जागांवर लावायला हवा होता, लाइनवॉकर दोन मागायचे, पगार ठरवून, विमा ठरवून, टँकरच्या ड्रायव्हरांना आधी. मामा म्हणतो २४ पोरांसमोर उभं राहून हे बोलून दाखव. त्याचंही खरं आहे, त्या संध्याकाळी मी बोलले नसते.

पाण्याच्या चाचण्यांचं सांगायचं राहिलं. लाइन भरायच्या आधीचा रिपोर्ट झाला, पहिल्या वर्षीचा वेळेवर आला, दुसऱ्या वर्षीचा चार पत्रं दिल्यावर आला, दोन्ही स्वच्छ. या वर्षीचे नमुने अजून घेतलेले नाहीत. मामाने मागच्या सोमवारी पाचवं पत्र दिलंय, पोचपावतीचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे.